सोळाशे बाराचा हनिमून

कचेरीत सगळे तिला पाठीमागे कात्रीबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला त्याचा राग नव्हता. उलट एवढ्या ठोकळ्यांना मिळून एक तरी नाव धड सुचलं, याचंच तिला नवल वाटायचं.

कचेरी कोशाची होती. इंग्रजी शब्द कुठून आला, कधी आला, पहिल्यांदा कुठं छापला गेला, हे सांगणारा कोश. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, चारही खोल्यांत भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव, साल आणि पान. चिठ्ठी खरी निघाली की कात्रीबाई तिच्या पाठीवर हिरव्या शाईनं बरोबरची खूण करायची आणि खाली तारीख टाकायची. ती खूण नसेल तर चिठ्ठी छपाईला जात नसे, मग ती कुणाच्या बापाची का असेना. एकतीस वर्षं हे चाललं होतं. एकतीस वर्षांत तिच्या खुणेखालून एकही खोटा शब्द गेला नव्हता, आणि हे ती न विचारताही सांगायची.

बाकीच्यांबद्दलची तिची मतं केव्हाच पक्की झाली होती. लेखनिक म्हणजे समोर ठेवलं ते उतरवणारी माकडं. समोर वाण्याची यादी ठेवली तरी तीही सुवाच्य अक्षरात उतरवतील. संपादक दोन, त्यातला एक चष्मा शोधत असे आणि दुसरा त्याला मदत करत असे. मालक स्वभावानं सज्जन, पण वाचायचं म्हटलं की त्यांना जांभई यायची. वडिलांनी कोश काढला म्हणून हे कोशवाले. वडिलांनी गिरणी काढली असती तर पीठ दळत बसले असते आणि तेही जाडंभरडं.

एकच माणूस तिनं आयुष्यात मानला, तो म्हणजे मोठे सर. कोशाचे पहिले संपादक. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती.

सोमवारी सकाळी मालकांनी तिला आत बोलावलं.

"बाई, बसा. नव्या आवृत्तीत हनिमून हा शब्द घेतोय ना आपण?"

"घेतलाय. तपासून झालाय. चार ओळींची नोंद आहे."

"त्या चार ओळींबद्दलच बोलायचं होतं. जरा कोरड्या वाटतात हो. तुमच्या भावजींची ती गोष्ट आहे ना, मधाच्या दारूची? लोकांना फार आवडते. ती घालू या म्हणतो."

कात्रीबाईच्या कपाळाची शीर टरारून फुगली.

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. लोक त्याला शब्दवाले म्हणत. दर रविवारी सकाळी रेडिओवर तो शब्दांच्या गोष्टी सांगायचा, आणि निम्मं गाव चहाचा कप हातात धरून ऐकायचं. घरी तिचा नवरा आवाज मोठा करून ऐकायचा. ती त्या वेळी धुणं घेऊन गच्चीवर जायची. धुणं नसलं तर कोरडे कपडे पुन्हा एकदा भिजवायची, पण त्या खोलीत थांबायची नाही.

या शब्दवाल्यानं वीस वर्षांपूर्वी तीन महिने याच कचेरीत काम केलं होतं. मोठ्या सरांनी घालून दिलेली एक रीत होती. नव्या माणसाला शंभर चिठ्ठ्या तपासायला द्यायच्या आणि त्यांत एक मुद्दाम बनवलेली, खोटी चिठ्ठी सरकवून ठेवायची. ती पकडली तर माणूस तपासनीस. नाही पकडली तर लेखनिक, नाहीतर घरी. कात्रीबाईनं आपली खोटी चिठ्ठी पहिल्या तासात पकडली होती. पानाचा आकडा चुकला होता. ती धावत सरांकडे गेली आणि सर म्हणाले, शाबास. पुढं सर थकले आणि ही परीक्षा तिच्याकडे आली. दिराला तिनंच चिठ्ठ्या दिल्या. दीर नापास झाला. तिनं त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. आपला-परका केला नाही. सासूबाई सहा महिने तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि सासरी आल्यापासून तेवढेच सहा महिने काय ते तिला सुखाचे गेले.

"कुठली गोष्ट? ती?" ती मालकांना म्हणाली. "इंग्रजांत म्हणे लग्न झालं की जोडप्याला महिनाभर मधाची दारू पाजायचे. महिना म्हणजे एक चंद्र. मध आणि चंद्र, झाला हनिमून! अहो, ही थाप सगळ्या जगात फिरतेय. लग्नाच्या मांडवात सांगायला ठीक आहे."

"पण गोड आहे."

"गोड आहे म्हणूनच खोटी आहे. शब्दांचं खरं मूळ कधी गोड नसतं."

खरं मूळ तिच्या चार ओळींत होतं. साडेचारशे वर्षांपूर्वीपासूनच्या इंग्रजी पुस्तकांत ते सापडतं. नवं जोडपं पहिले काही दिवस भांडत नाही, नुसता मध पाझरत असतो. पण पुरा चंद्र दुसऱ्या दिवसापासून झिजायला लागतो, तसं यांचंही होणार, असा त्याचा अर्थ. महिन्याचा हिशेब नंतर चिकटला. मुळात तो शेजारपाजारच्यांनी नव्या जोडप्याला मारलेला टोमणा होता. इतका खवचट शब्द तिला फार आवडायचा.

मालकांनी मान हलवली. "हे बघा, जगाचं मला माहीत नाही. जगाकडे पुरावा नसेल. तुमच्या भावजींकडे आहे. ते पुस्तकाचं नाव सांगतात, साल सांगतात. सोळाशे बारा!"

"सोळाशे बारा?"

"सोळाशे बारा. आता तुम्हीच म्हणता, पुरावा असेल तर आत. मग?"

"मग एक करा. ती गोष्ट कोशात आली तर मी बाहेर."

मालक अस्वस्थ झाले, पण गोष्ट त्यांना हवीच होती. "शुक्रवारी ते इथं येणार आहेत. तोवर खोटं ठरवून दाखवा. ठरलं तर विषय संपला. नाही ठरलं तर गोष्ट आत जाईल, आणि बाई, खाली खूण तुमचीच लागेल. बाहेरबिहेर जायच्या गोष्टी करू नका."

म्हणजे तिच्या हिरव्या शाईखाली मधाची दारू. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना! एकतीस वर्षांत तिनं दुसरं काही कमावलं नव्हतं. माया म्हणाल तर कुणाची लावून घेतली नव्हती, मैत्रिणी म्हणाल तर एक होती, ती परगावी गेली. ती खूण तेवढी तिची होती.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा शांत माणूस, टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "अगं, मग त्यालाच फोन करून विचार ना, कुठून घेतलंस म्हणून. सांगेल तो. तुझ्याशी तर किती आदरानं बोलतो."

"मी? त्याला विचारू? उद्या म्हणशील, दुधाची राखण कशी करायची ते मांजराला विचार."

नवऱ्यानं आवाज पुन्हा मोठा केला.

मंगळवारपासून ती मागावर लागली. पहिल्यांदा शब्दवाल्याचं छापील पुस्तक आणलं, वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळून, म्हणजे हातात कुणाला दिसायला नको. गोष्ट होती, सोळाशे बारा होतं. ते त्यानं कुठून घेतलं ते नव्हतं. मग मासिकं काढली. एका मासिकात गोष्ट, त्याखाली आधार म्हणून दुसरं मासिक. दुसऱ्यात आधार म्हणून पहिलं. दोघांनी एकमेकांची पाठ खाजवलेली. एका प्राध्यापकानं तर सोळाशे बाराचं सोळाशे एकवीस करून ठेवलं होतं. म्हणजे नक्कल मारायची, तीही उलटी. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिनं सतरा ठिकाणं पाहिली आणि सतराही जणांची मनातल्या मनात लाज काढली.

गुरुवारी सकाळी धागा लागला. कचेरीनंच पंचवीस वर्षांपूर्वी शाळांसाठी एक छोटा कोश काढला होता. तो लेखनिकांनीच परस्पर खणातल्या चिठ्ठ्या बघून जुळवला होता. ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. त्यात होतं. मधाची दारू, सोळाशे बारा, पुस्तकाचं नाव. म्हणजे घाण बाहेरून आलीच नव्हती, घरातूनच वाहत गेली होती.

तिनं खण ओढला. आपली नोंद करताना तिनं नव्या चिठ्ठ्या वापरल्या होत्या. जुन्यांच्या तळाशी कुणी हात घातला नव्हता. तळाशी ती सापडली. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर ओळखू न येण्याइतकं साधं. वाक्य वाचलं आणि तिला हसूच आलं. सोळाशे बारा सालचं इंग्रजी म्हणे! त्या काळी एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहीत. हे वाक्य कसं? गुळगुळीत, कालपरवा इस्त्री केलेलं. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही वास यावा.

"कुठल्या गाढवानं ही पास केली?" ती मोठ्यांदा म्हणाली. चष्मा शोधणाऱ्या संपादकानं घाबरून मान खाली घातली.

पुस्तक तळघरातल्या ग्रंथालयात होतं. घरगुती सल्ल्यांचं जाडजूड बाड. डाग कसे काढावेत, पाहुण्यांना कसं बसवावं, आणि मधेच एका पानावर ही दारूची कथा. छपाईचं साल एकोणीसशे अकरा. मग सोळाशे बारा आलं कुठून? तिनं पहिलं पान उलटलं. कोपऱ्यात जांभळा शिक्का, शिक्क्यात हातानं लिहिलेला दाखल क्रमांक. ग्रंथालयात आलेलं सोळाशे बारावं पुस्तक. ते कुणीतरी साल म्हणून चिठ्ठीवर उतरवलं होतं, आणि सगळ्यांनी ते डोळे मिटून गिळलं होतं. एकानंही दोन जिने उतरून पुस्तक उघडायचे कष्ट घेतले नव्हते!

तिला इतका आनंद झाला की तिनं पुस्तकावर थाप मारली आणि धुळीनं तिलाच ठसका लागला. संपला शब्दवाला. आता रविवारी रेडिओवर नाक घासत सांगू दे, की मी गाढव आहे.

मग तिनं चिठ्ठी दिव्यासमोर धरली, सवयीनं. डाव्या कोपऱ्यात टाचणीचं एक बारीक भोक होतं.

ते भोक तिला माहीत होतं. मोठ्या सरांनी परीक्षेचा डबा तिच्या हवाली केला तेव्हा सांगितलं होतं, की खोट्या चिठ्ठीला मी टाचणी टोचतो, म्हणजे ती खणात मिसळत नाही. ही सरांची परीक्षेची चिठ्ठी होती. दाखल क्रमांकाचं साल करणं ही चूक नव्हतीच, तो सापळा होता. तळघरात गेलं की सुटेल असा, मुद्दाम सोपा. कुणीतरी नापास झालं होतं, आणि चिठ्ठी खरी ठरून खणात गेली होती.

तिनं चिठ्ठी उलटी केली. पाठीवर हिरवी खूण होती आणि खाली तारीख. तिच्या नोकरीचा पहिला दिवस.

ती तळघरातल्या स्टुलावर बसली. पहिल्या तासात पकडलेली ती चुकीच्या पानाची चिठ्ठी? ती कुणाची तरी साधी चूक होती. सरांनी शाबास म्हटलं ते त्या चुकीसाठी. आणि हिला वाटलं, झाली परीक्षा, सापडला चोर. मग उरलेल्या चिठ्ठ्यांवर संध्याकाळपर्यंत धडाधड खुणा. दुसऱ्या दिवशी सर आजारी पडले ते पंधरा दिवस आलेच नाहीत, हे तिला आठवलं. नंतर त्यांनी ते गठ्ठे पाहिले होते का? पाहून गप्प बसले होते का? आता विचारणार कुणाला.

तिनं आजवर अकरा जणांना नापास केलं होतं. अकराही जणांची तोंडं तिला एकामागून एक आठवली. लाज वाटणं म्हणजे काय, हे तिनं लोकांना नेहमी सांगितलं होतं. तिला स्वतःला ती इतकी वर्षं वाटली नव्हती.

मग ती उठली. मालकांना चिठ्ठी कशाला हवी? पुस्तक दाखवलं, शिक्का दाखवला की झालं. तिनं चिठ्ठी पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढून घेतली.

शुक्रवारी अकरा वाजता शब्दवाले आले. ढगळ शर्ट, घामाघूम, जिना चढून धाप लागलेली. वाकून म्हणाले, "वहिनी, बऱ्या आहात ना? दादा म्हणत होता, तुम्ही आठवडाभर नीट जेवला नाहीत."

"मी बरी आहे. तुम्ही बसा, भावजी. उभ्यानं ऐकवणार नाही तुम्हाला."

तिनं पुस्तक टेबलावर आपटलं. छपाईचं साल दाखवलं, शिक्का दाखवला, दाखल क्रमांक दाखवला. अगदी सावकाश, एकेक पान उलटत. मालकांना पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं, आणि ते पोट धरून हसले. "म्हणजे पुस्तकाचा नंबर! अहो शब्दवाले, वीस वर्षं तुम्ही लोकांना पुस्तकाचा नंबर सांगताय!"

शब्दवाले हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो शिक्का जवळून पाहिला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "साफ चुकलो. पण वहिनी, खणात याची चिठ्ठी होती. मी इथं असताना पाहिली होती. ती मिळाली का?"

"नाही," कात्रीबाई म्हणाली. "गहाळ झाली असेल."

तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

"असं," शब्दवाले पुटपुटले. "मला आपलं वाटत होतं की तिच्यावर तुमची खूण होती. म्हणून मी पुढं काही बघितलंच नाही. पण तुमची असणं शक्य नाही, नाही का? दुसऱ्या कुणाची तरी हिरवी शाई असेल. मीच धांदरट." मग मालकांकडे वळून म्हणाले, "परवा रविवारी रेडिओवर सांगून टाकतो. माझी चूक, मी चुकीचं वाचलं. लोक हसतील, हसू देत."

"नक्की काय काय मागं घ्यायचं ते लिहून काढा," मालक म्हणाले. "नाहीतर एक दुरुस्त कराल आणि दुसरं राहील."

"थांबा, फोनवर आहे माझ्या. मागच्याच महिन्यात पुन्हा लावली होती ती गोष्ट." शब्दवाल्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बोटानं पुढंमागं केलं.

गच्चीवर जायची सोय नव्हती. कात्रीबाई पर्स मांडीवर धरून बसून राहिली. फोनमधून दिराचा आवाज आला, चहा पिता पिता बोलावं तसा.

"मंडळी, आजची गोष्ट मी रस्त्यावर ऐकलेली नाही. आमच्या घरी एक वहिनी आहेत. मी त्यांच्या हाताखाली तीन महिने होतो. परीक्षेत नापास झालो, त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं. आई चिडली, मी नाही चिडलो. म्हटलं, जी बाई सख्ख्या दिराला सोडत नाही, ती खोट्या शब्दाला काय सोडणार? म्हणून ही गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. हिच्या चिठ्ठीवर आमच्या वहिनींची खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांच्या हाताखालून आजवर एकही खोटा शब्द गेलेला नाही. तर झालं काय, की जुन्या काळी इंग्रजांत लग्न झालं की..."

"दर वेळी हे असं म्हणता तुम्ही?" मालकांनी विचारलं.

"दर वेळी. सुरुवातच तशी करतो. वहिनींना माहीत आहे की," शब्दवाले म्हणाले. "नाही का, वहिनी?"

कात्रीबाईनं पर्सची चेन उघडली. चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, हिरवी खूण वर करून, तारीख दिसेल अशी. मग हात पुढं करून तिनं फोन बंद करायचा प्रयत्न केला. तिला तो करता येईना, आणि दिराचा आवाज चालूच राहिला.

"थांबवा ते," ती म्हणाली. "दारूचं नंतर बघू, भावजी. आधी त्याच्या वरचं, माझ्याबद्दलचं वाक्य काढून टाका. ते खोटं आहे."